कासोटा, लुंगी आणि किल्ट : पुरुषाच्या अधोवस्त्राकडे पाहणारी लोकदृष्टी
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन मूलभूत गरजांपैकी वस्त्र ही गरज इतरांच्या नजरेशी सर्वाधिक बांधलेली आहे. माणूस काय जेवला हे चारचौघांना कळत नाही. तो काय नेसला आहे हे मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते आणि दिसताक्षणी त्याविषयीचे मतही तयार होते. स्त्रीच्या वस्त्राविषयीच्या अशा मतांची चिकित्सा मराठीत पुष्कळ झाली आहे. पुरुषाच्या वस्त्राकडे, त्यातही पँटखेरीज दुसरे काही नेसलेल्या पुरुषाकडे समाज कसा पाहतो, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न किल्टच्या निमित्ताने चर्चिला जातो. किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे, मागे चुण्या असलेले, चौकडीच्या लोकरी कापडाचे वस्त्र. विवाहात, संचलनात किंवा वाद्यपथकात ते नेसलेल्या पुरुषाचे कौतुक होते. तोच पुरुष किल्ट नेसून भाजी आणायला निघाला, तर लोक वळून पाहतात, हसतात, 'आत काय घातले आहे?' असा प्रश्न विचारतात. वस्त्र तेच असते. सणाचा दिवस जाऊन रोजचा दिवस आला की प्रतिक्रिया पालटते.

आपल्याकडे किल्ट नाही. पण लंगोटी, पंचा, धोतर आणि लुंगी आहे. नंदुरबार जिल्ह्यात तर या वस्त्रांचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा, धानका इत्यादी समाजांच्या पुरुषांनी गेल्या काही पिढ्यांत लंगोटी व धोतर सोडून पँट स्वीकारली. हा बदल कोणाच्या नजरेखाली झाला आणि त्याच नजरेला आज त्यांच्याकडून काय हवे आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मराठी दृष्टीचा निकष : कासोटा

वस्त्रांचा अभ्यास करणारे सामान्यतः 'शिवलेले' आणि 'न शिवलेले' असा भेद करतात. पुरुषाच्या अधोवस्त्राकडे पाहणारी पारंपरिक मराठी दृष्टी मात्र वेगळा भेद करते, असे भाषेच्या साक्षीवरून म्हणता येते. तिच्या लेखी महत्त्वाचा आहे तो कासोटा, म्हणजे दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचलेला पदर. 'कासोट्याचा बळकट' आणि 'कासोट्याचा ढिला' हे शब्दप्रयोग वस्त्राविषयी नसून चारित्र्याविषयी आहेत. घाबरलेल्या माणसाचे 'धोतर सुटते' आणि अपमान करायचा असेल तर त्याचे 'धोतर फेडले' जाते. पुरुषत्व, संयम आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी भाषेने कासोट्याला बांधून ठेवल्या आहेत.

हा निकष केवळ पुरुषांपुरता नव्हता. नऊवारी लुगड्यालाही कासोटा असे. विसाव्या शतकात सुशिक्षित स्त्रिया कासोटा सोडून गोल पाचवारी पातळ नेसू लागल्या, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली. पुढे मात्र पाचवारी पातळ हेच शालीनतेचे लक्षण ठरले. म्हणजे कासोट्याविना असणे स्त्रीच्या बाबतीत कालांतराने सभ्य ठरले, तर पुरुषाच्या बाबतीत ते बायकी किंवा परके ठरत राहिले. अपवाद संन्याशाचा. त्याची छाटी नुसती गुंडाळलेली असली तरी तिला कोणी हसत नाही, कारण त्याने संसाराबरोबर संसारी पुरुषाची ओळखही सोडलेली असते.

या दृष्टीने पाहिले तर किल्ट आणि लुंगी एका बाजूला येतात, लंगोटी आणि धोतर दुसऱ्या बाजूला. किल्ट पाहून मराठी माणसाला प्रथम परकर आठवतो. लंगोटीविषयीची त्याची प्रतिक्रिया वेगळी असते. तिला कासोटा आहे, त्यामुळे तिच्यावर बायकीपणाचा आरोप होत नाही. पैलवानाची लंगोटी तर बळाचे आणि ब्रह्मचर्याचे चिन्ह मानली जाते. तरीही 'लंगोटीपत्र' म्हणजे क्षुद्र वर्तमानपत्र आणि 'पळत्या भुताची लंगोटी' म्हणजे हाती लागलेली अगदी किरकोळ वस्तू. येथे लंगोटीचा संबंध दारिद्र्याशी आणि कमीपणाशी जोडला गेला आहे. याउलट मध्यमवर्गासाठी रूढ झालेला 'पांढरपेशा' हा शब्द स्वच्छ, पांढऱ्या पोशाखावरूनच घडला आहे. वस्त्रावरून वर्ग ओळखण्याची सवय भाषेत किती खोलवर रुजली आहे, हे यावरून ध्यानात येते.

२. किल्टचा इतिहास : बंदीपासून राजवस्त्रापर्यंत

वस्त्राची प्रतिष्ठा वस्त्रात नसून ते पाहणाऱ्याच्या आणि नेसणाऱ्याच्या सत्तासंबंधात असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे किल्टचा इतिहास. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांचे १७४५ चे बंड मोडून काढल्यावर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून त्यांच्या पारंपरिक वेशावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा ठरविण्यात आली. सैन्यात दाखल झालेल्या डोंगराळी सैनिकांना मात्र या बंदीतून सूट होती. सरकारच्या बाजूने लढणाऱ्याच्या अंगावर जे वस्त्र गणवेश होते, तेच शेतकऱ्याच्या किंवा गुराख्याच्या अंगावर गुन्हा ठरत होते.

ही बंदी १७८२ मध्ये उठली. त्यानंतर अवघ्या चाळीस वर्षांनी, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोच्या भेटीत स्वतः किल्ट नेसला. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबात बालमोरलच्या मुक्कामी मुलांना किल्ट नेसविण्याचा प्रघात पडला. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले, की आजचा आखूड किल्ट हा अठराव्या शतकातील एका इंग्रज कारखानदाराच्या सोयीतून आला आणि त्याची प्राचीनता मागाहून रचली गेली. या मतावर आक्षेपही घेतले गेले आहेत. आपल्या विवेचनासाठी त्यातील एक गोष्ट पुरेशी आहे : डोंगरातल्या माणसाचे वस्त्र तो प्रबळ असताना धोक्याचे ठरले आणि तो पराभूत झाल्यावर शोभेचे ठरले.

३. सातपुड्यातील लंगोटी आणि शासकीय नजर

हाच क्रम सातपुड्यात वेगळ्या रूपात दिसतो. १८१८ नंतर खानदेशातील भिल्लांचे उठाव ब्रिटिशांना त्रासदायक ठरले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात 'भिल्ल कोअर' उभारली आणि डोंगरातला भिल्ल सरकारी गणवेशात आणला. कवायत करणारा भिल्ल विश्वासू मानला गेला, तर लंगोटीतला भिल्ल संशयास्पदच राहिला. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल हे मूळचे स्कॉटलंडचे. ज्यांच्या देशात उघड्या गुडघ्यांचे वस्त्र त्या वेळी राजघराण्याच्या कौतुकाचा विषय झाले होते, त्यांच्याच हातून खानदेशातील आदिवासींचे अधिकृत वर्णन सिद्ध झाले. कॅम्पबेल यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागेल, की मैदानातला माणूस आणि डोंगरातला माणूस यांच्यात पायरी पाहण्याची जी चौकट त्या काळाने घालून दिली, तिचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

वस्त्रबदलाची दुसरी प्रेरणा समाजाच्या आतून आली. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरात आणि पश्चिम खानदेशात पसरलेल्या देवी चळवळीने आदिवासींना दारू सोडण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा आदेश दिला. १९३८ मध्ये तळोदा परिसरात गुलाम महाराजांच्या 'आप' पंथाने व्यसनमुक्ती व शुचितेचा प्रसार केला. या चळवळींकडे केवळ वरच्या जातींचे अनुकरण म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. सावकार, दारूविक्रेता आणि जमीनदार यांच्यासमोर ताठ उभे राहण्याची इच्छा त्यांच्या मुळाशी होती. नेटके राहणे हा त्या ताठपणाचाच भाग होता.

तिसरी प्रेरणा व्यवहाराची. आश्रमशाळेचा गणवेश, ऊसतोडीसाठी गुजरातेत होणारे हंगामी स्थलांतर आणि आठवडे बाजारात मिळणारे तयार कपडे यांनी पँट घराघरांत नेली. आज धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यात लंगोटी किंवा आखूड धोतर नेसलेला पुरुष दिसलाच तर तो बहुधा वयोवृद्ध असतो. तो एस.टी.त चढला, दवाखान्यात गेला किंवा तहसील कार्यालयाच्या दारात उभा राहिला, की त्याच्याशी बोलणाऱ्याचे क्रियापद बदलते. 'अहो-जाहो'चे 'अरे-तुरे' होते. हसू किंवा टोमणा येतोच असे नाही; पण त्याला काही कळत नाही हे गृहीत धरले जाते. किल्टधारी पुरुषाला कुतूहल सोसावे लागते, तर लंगोटीधारी वृद्धाला अवहेलना. या दोन प्रतिक्रियांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

येथे देहाच्या उघडेपणाचा युक्तिवाद फारसा टिकत नाही. शहरी तरुणाची बर्म्युडा गुडघ्याच्या वर असते, तरी ती नेसून तो दुकानात जातो आणि कोणी काही म्हणत नाही. पाय तेवढेच उघडे असतात. ते पाय कोणाचे आहेत, हे पाहून सभ्यतेचा निर्णय होतो.

४. वस्त्र टाकण्याचा हक्क

लंगोटीविषयी बोलताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेकांसाठी लंगोटी ही निवड नव्हती. दुसरे कापड नव्हते म्हणून ती होती. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याचे अपुरे वस्त्र त्याच्या लुबाडणुकीचा पुरावा म्हणून मांडले. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले. उंची पोशाखातील मंडळींना जो वेष विसंगत वाटला, तोच देशातील बहुसंख्यांचा वेष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. समारंभाचे पाहुणे व्हिक्टोरिया राणीचे पुत्र होते. ज्या घराण्याने स्कॉटिश डोंगरी माणसाचा वेष हौसेने उचलला होता, त्या घराण्यासमोर भारतीय शेतकऱ्याचा वेष हा मात्र प्रश्न ठरला.

महात्मा गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे पंचाचा स्वीकार केला आणि १९३१ मध्ये त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले. चर्चिल यांनी त्यांची 'अर्धनग्न फकीर' म्हणून हेटाळणी केली. भारतीय जनतेने त्याच वेषाला वंदन केले. गांधीजींच्या वेषामागे बॅरिस्टरचा सूट होता, तो त्यांनी स्वेच्छेने सोडला होता. त्यागाला प्रतिष्ठा मिळते ती सोडण्यासारखे काही जवळ असते म्हणून. ज्याच्याजवळ मुळातच काही नाही, त्याची लंगोटी त्याग म्हणून कोणी पाहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच कारणाने उलट दिशा दाखविली. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना, जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची व दागिने घालण्याची पद्धत सोडण्यास सांगितले. त्यांचा स्वतःचा सूट हाही त्याच विचाराचा भाग होता. समाजाने लादलेली ओळख वस्त्रासह उतरवून ठेवता येते, हा तो विचार. सातपुड्यातील तरुणाने पँट घातली यात संस्कृतीचा ऱ्हास पाहणाऱ्यांनी हा संदर्भ विसरू नये.

५. सणातला देह आणि रोजचा देह

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील 'राजवाडी होळी' सर्वपरिचित आहे. काठी संस्थानाशी निगडित असलेल्या या होळीला शेकडो वर्षांची परंपरा सांगितली जाते. रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. नवस बोललेले पुरुष बावा, बुध्या इत्यादी रूपे घेतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर राखेची व ठिपक्यांची नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे असा त्यांचा वेष असतो. या रूपामागे कडक पाळणी असते. खाटेवर न निजणे, ब्रह्मचर्य पाळणे असे नियम त्या दिवसांत पाळावे लागतात. म्हणजे हा वेष म्हणजे शोभेची सजावट नव्हे. ते देवाशी केलेल्या कराराचे दृश्य रूप आहे.

या रात्री बाहेरून आलेला प्रेक्षक आदिवासी पुरुषाच्या उघड्या देहाकडे कौतुकाने पाहतो, छायाचित्रे घेतो. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी निघणाऱ्या मिरवणुकांतही पारंपरिक वेषाला मानाचे स्थान असते. समाजाने स्वतः, स्वतःसाठी केलेला हा उत्सव आत्मभानाचा आहे, यात शंका नाही. प्रश्न पाहुण्यांच्या नजरेचा आहे. जो वेष कार्यालयाच्या दारात मागासलेपणाची खूण मानला गेला, तोच स्वागतसमारंभात 'आपली समृद्ध संस्कृती' म्हणून मागविला जातो. मंत्र्यांच्या दौऱ्यात किंवा संमेलनाच्या उद्घाटनात आदिवासी नर्तक व्यासपीठापुढे नाचतात आणि पँट-शर्ट घातलेली मंडळी व्यासपीठावर बसलेली असतात. शहादा परिसरातून पुढे आलेले, 'गोधड' या संग्रहाचे कवी वाहरू सोनवणे यांच्या कवितेने व्यासपीठ कोणाचे, हा प्रश्न मराठी वाचकासमोर पूर्वीच ठेवला आहे. त्या प्रश्नाला वस्त्राचीही बाजू आहे, असे येथे सुचवावेसे वाटते.

६. सोंग, श्रद्धा आणि त्यांची किंमत

पुरुषाच्या वेगळ्या वस्त्राला मराठी समाजाने कधीच जागा दिली नाही, असे मात्र म्हणता येत नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी एक काळ गाजविला. त्यांच्या लुगड्यांचे व दागिन्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. कोकणातील शिमग्यात पुरुष राधा होतो आणि गाव त्याला ओवाळतो. ही मोकळीक रंगमंच आणि सण यांच्या चौकटीपुरती असते. चौकट ओलांडली की काय होते, याचे चित्रण आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीत आहे. पिळदार देहाचा शेतमजूर गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. सोंग उतरवून ठेवल्यावरही गाव त्याला पुरुष म्हणून स्वीकारत नाही. लोकांना त्याच्या कलेत रस नसतो. त्याच्या पुरुषत्वाचा निकाल लावण्यात त्यांना रस असतो. या कादंबरीवरील २०१० च्या चित्रपटाने हा संघर्ष मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेला.

राजन गवस यांच्या 'भंडारभोग' मधील जोगत्याची स्थिती याहून विदारक आहे. तेथे लुगडे नेसणे हा देवीचा आदेश मानला जातो. श्रद्धेमुळे समाज त्या वस्त्राला सहन करतो, हातही जोडतो. पण नेसणाऱ्याच्या इच्छेला काही स्थान नसते. गुणाने स्त्रीवेश निवडला म्हणून त्याला शिक्षा झाली, तर जोगत्याला तो निवडण्याची वा नाकारण्याची मुभाच मिळाली नाही. या दोन कलाकृती एकत्र वाचल्या असता असे दिसते, की समाजाला वस्त्राहून अधिक अडचण होते ती त्यामागील स्वेच्छेची.

७. लुंगी : घरातली आणि रस्त्यावरची

लुंगीचे उदाहरण रोजच्या जीवनातले आहे. असंख्य मराठी पुरुष घरात लुंगी किंवा पंचा गुंडाळतात. तरीही १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या प्रारंभीच्या काळात 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा मुंबईत गाजली. त्या घोषणेतील लुंगी हे वस्त्र नव्हते, तर नोकरीतील दाक्षिणात्य स्पर्धक होता. पुढे २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस' चित्रपटातील गाण्यामुळे तीच लुंगी देशभर नाचाचा आणि विनोदाचा विषय झाली.

दक्षिणेत मात्र हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे चेन्नईतील एका क्रिकेट क्लबमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने, अशा वेषामुळे सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास मनाई करणारा कायदा केला. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला अडविण्यात आले, तेव्हा कर्नाटकात संताप व्यक्त झाला आणि तो मॉल काही दिवस बंद ठेवावा लागला. या दोन्ही प्रसंगी समाज वस्त्राच्या बाजूने उभा राहिला, कारण ते वस्त्र बहुसंख्यांच्या अस्मितेचे होते. सातपुड्यातील लंगोटीधारी वृद्धाला कोणी दारात अडवीत नाही. त्याला आत घेतले जाते आणि शेवटच्या रांगेत उभे केले जाते. त्यामुळे त्याच्यासाठी संताप व्यक्त होण्याचा प्रसंगच येत नाही.

निष्कर्ष :

१. पुरुषाच्या अधोवस्त्राविषयी मराठी लोकदृष्टीचा मूळ निकष कासोटा हा आहे. लुंगी व किल्ट यांना ती बायकी वा परके मानते, तर लंगोटीला दारिद्र्याशी जोडते.

२. वस्त्राची प्रतिष्ठा नेसणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर ठरते. किल्टची १७४६ ची बंदी व १८२२ चा गौरव, तसेच गांधीजींचा पंचा व आदिवासीची लंगोटी या जोड्या याची साक्ष देतात.

३. सण, रंगमंच आणि श्रद्धा या चौकटींत वेगळे वस्त्र स्वीकारले जाते. स्वेच्छेने व रोजच्या जीवनात तेच वस्त्र नेसले, तर उपहास वाट्याला येतो.

४. नंदुरबारच्या आदिवासी पुरुषाने पँट स्वीकारली ती काही अंशी सोय म्हणून, काही अंशी आत्मसन्मानासाठी आणि काही अंशी अवहेलना टाळण्यासाठी. यांतील पहिल्या दोन कारणांचा आदर करावा. तिसऱ्याची जबाबदारी पाहणाऱ्या समाजाने घ्यावी.

५. वस्त्र टाकण्याचा आणि वस्त्र ठेवण्याचा हे दोन्ही हक्क एकाच माणसाचे आहेत. काठीच्या होळीत बुध्याचे छायाचित्र घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर भेटलेल्या आखूड धोतरातील वृद्धाला 'अहो, बसा' म्हटले, तरच त्याचे संस्कृतिप्रेम खरे मानता येईल.